खिरणी : कोरोमंडल किनाऱ्याचा देशी फळवृक्ष, त्याचे वन्यजीव आणि त्याची लागवड

ओरगडम (चेन्नई) : चेन्नईच्या नैर्ऋत्येला, वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळकोविल-श्रीपेरुंबुदूर हे दोन राज्य महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे ओरगडमचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील हे गाव दोन दशकांपूर्वी शेती आणि तलावांसाठी ओळखले जात असे. २०१० मध्ये रेनो-निसानचा मोटार कारखाना येथे सुरू झाला. पाठोपाठ डेमलरचा मालमोटारींचा आणि रॉयल एनफिल्डचा दुचाकींचा प्रकल्प आला, आणि ओरगडमचे नाव पुण्याजवळच्या चाकणसोबत घेतले जाऊ लागले. कारखाना आला की त्याभोवती झाडे लावण्याची अटही येते. पर्यावरणविषयक मंजुरी देताना प्रकल्पाच्या क्षेत्रापैकी साधारण ३३ टक्के भागावर हरितपट्टा राखण्याची अट देशात दीर्घकाळ प्रचलित राहिली आहे. या हरितपट्ट्यात कोणते झाड लावावे, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी रोपवाटिकेत त्या दिवशी काय उपलब्ध आहे यावरच सुटतो.

या प्रश्नाला ओरगडमच्या मातीकडे स्वतःचे उत्तर आहे. कोरोमंडल किनारपट्टीच्या मूळ जंगलाचा प्रमुख वृक्ष असलेली पालै, म्हणजेच मराठी वाचकांच्या परिचयाची खिरणी किंवा रांजण, या प्रदेशात हजारो वर्षे वाढत आली आहे. ऐन उन्हाळ्यात पिकणाऱ्या तिच्या गोड फळांवर पक्षी, वटवाघळे, उदमांजरे, कोल्हे आणि अस्वलेही पोसली जातात. वाढ अतिशय संथ असल्यामुळे नियोजनकर्ते तिच्याकडे वळत नाहीत. तिची रोपे तयार करण्याचे तंत्र मात्र देशातील फळरोपवाटिकांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

दुधावरून पडलेली नावे

खिरणीचे शास्त्रीय नाव मॅनिलकारा हेक्झँड्रा असे असून मोहाच्या आणि बकुळीच्या कुळात, म्हणजे सॅपोटेसी कुळात, तिचा समावेश होतो. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीच्या आपल्या सचित्र ग्रंथात तिचे वर्णन केले. या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध होऊ लागला. फुलातील सहा पुंकेसरांवरून त्यांनी ‘हेक्झँड्रा’ हे विशेषण योजले. ‘मॅनिलकारा’ हे प्रजातिनाम मलयाळम भाषेतील स्थानिक नावावरून आले आहे.

या झाडाची साल किंवा फळाचा देठ तोडताच पांढरा चीक वाहू लागतो. संस्कृतमध्ये त्यावरून ‘क्षीरिणी’ हे नाव पडले आणि त्याचेच पुढे ‘खिरणी’ झाले. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात. ‘पालै’ हे नावही तेथूनच आले. दोन वेगळ्या भाषाकुळांनी एकाच गुणावरून एका झाडाला नाव द्यावे, हा योग लक्षणीय आहे. संस्कृतमधील ‘राजादन’ या दुसऱ्या नावापासून गुजरातीतील ‘रायण’ आले. पालघर-डहाणू भागात हेच नाव रूढ आहे, तर कोकणात रांजण किंवा रांजणी असे म्हणतात.

तमिळनाडूत रोपे मागताना नावाबाबत सावध राहणे आवश्यक ठरते. चीक असलेल्या अनेक झाडांना तेथे ‘पालै’ हे पद जोडले जाते. ‘एळिलैप्पालै’ म्हणजे सप्तपर्णी आणि ‘वेट्पालै’ म्हणजे काळा कुडा. या दोन्हींचा खिरणीशी संबंध नाही. खिरणीसाठी ‘उलक्कैप्पालै’ असे नेमके नाव आहे. ‘उलक्कै’ म्हणजे मुसळ. खिरणीचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड आणि कठीण असल्याने मुसळे, तेलघाण्याचे भाग आणि घराचे खांब त्यापासून बनवले जात.

झाडाची ओळख

खिरणी हा सदाहरित वृक्ष आहे. अनुकूल जमिनीत तो १२ ते २० मीटर उंच होतो, तर समुद्राच्या वाऱ्यात आणि उथळ मातीत ठेंगणा, गुंतलेल्या फांद्यांचा राहतो. पाने जाड, गडद हिरवी व चकचकीत असून त्यांच्या टोकाला बारीक खाच असते. ही खाच झाड ओळखण्याची सोपी खूण होय. हिवाळ्यात पानांच्या बगलांत लहान, पांढरट, सुगंधी फुले येतात आणि त्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते. फळ लांबट, सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांबीचे, लिंबोळीसारखे दिसणारे आणि पिकल्यावर पिवळे होणारे असते. आत तपकिरी, गुळगुळीत, चकाकणारी बहुधा एकच बी असते. गर अतिशय गोड असतो. मात्र फळे अधिक खाल्ल्यास चिकामुळे ओठ चिकटतात, हा अनुभव कोकणातील आणि विदर्भातील अनेकांच्या बालपणाशी जोडलेला आहे.

फळे एप्रिल ते जून या काळात पिकतात. तमिळनाडूत मे महिन्यातील तीव्र उन्हाच्या पर्वाला ‘अग्नि नक्षत्रम’ म्हणतात. उथळ तळी आटलेली, गवत वाळलेले आणि बहुतेक झुडपांची फळे संपलेली असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत खिरणी फळांनी लदलेली असते. वन्यजीवांच्या दृष्टीने तिचे मोल या वेळापत्रकात आहे.

एका विरळ होत गेलेल्या जंगलाची खूण

विशाखापट्टणमपासून रामनाथपुरमपर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्रापासून आत सुमारे साठ किलोमीटरपर्यंत, एकेकाळी एका विशिष्ट प्रकारच्या जंगलाचा पट्टा होता. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ मधील वनप्रकारांच्या वर्गीकरणात त्याला उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन असे म्हटले आहे. वर्षातील सहा-सात महिने कोरडे असूनही पाने न गाळणारी झाडे हे या वनाचे वैशिष्ट्य. येथील पाऊस मुख्यत्वे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमधील असतो. चेन्नईत वर्षभरात सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक याच तीन महिन्यांत येतो.

या जंगलाच्या वरच्या थरात खिरणी आणि तिच्या खाली अंजनी, अशी जोडी वनस्पतिशास्त्रज्ञांनी वारंवार नोंदवली आहे. शेती, सरपण, वस्ती आणि नंतर उद्योग यांमुळे हा पट्टा तुकड्यातुकड्यांत उरला. चेन्नई शहरातील गिंडी राष्ट्रीय उद्यान हा त्यातील सर्वांत परिचित तुकडा. सुमारे २.७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आजही काळवीट, चितळ आणि कोल्हे आहेत. ओरगडमहून सुमारे वीस किलोमीटरवर वंडलूरचे राखीव जंगल असून अरिग्नर अण्णा प्राणिउद्यान १९८५ मध्ये शहराच्या मध्यभागातून तेथे हलवण्यात आले. दक्षिणेकडे नागपट्टिनम जिल्ह्यातील कोडियक्करै, म्हणजे पॉइंट कॅलिमियर अभयारण्यात, खिरणीचे प्राबल्य असलेले हे वन मोठ्या सलग क्षेत्रावर पाहता येते.

गावोगावच्या मंदिरांनीही या वनाचे अवशेष राखले. महाराष्ट्रात ज्याला देवराई म्हणतात त्याला तमिळनाडूत ‘कोविल काडु’ असे नाव आहे. गावदेवतेच्या भीतीने आणि भक्तीने ज्या राया तुटल्या नाहीत, त्यांत जुन्या झाडांचे बियाणे शिल्लक राहिले. चेन्नईच्या उत्तरेला पळवेर्काडु सरोवराच्या परिसरात ‘तिरुप्पालैवनम’ नावाचे गाव आहे. त्याच्या नावातच पालैचे वन आहे. गुजरातेत शत्रुंजय पर्वतावरील रायणीचे झाड जैन भाविक ऋषभदेवांच्या स्मृतीशी जोडतात आणि तिची पूजा करतात.

फळ कोणाचे, बी कोणामार्फत

खिरणीवर येणाऱ्या प्राण्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट दिवसा येणाऱ्या पक्ष्यांचा. कोकीळ, बुलबुल, साळुंकी आणि तांबट हे चेन्नईच्या परिसरात सर्वत्र आढळणारे फळभक्षी पक्षी आहेत. लहान चोचीचे पक्षी फक्त गर टोचून खातात आणि बी झाडाखालीच पडते. फळ अख्खे गिळू शकणारे पक्षी बी दूर नेतात. दख्खनच्या पठारावर आणि सातपुड्याच्या रांगांत हे काम राखी धनेशासारखा मोठ्या चोचीचा पक्षी करू शकतो.

दुसरा गट रात्रीचा. वटवाघळे पिकलेले फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, तेथे लटकून गर खातात आणि बी खाली टाकतात. त्यामुळे मूळ झाडापासून बरेच अंतर राखून नवे रोप उगवण्याची संधी निर्माण होते. तिसरा गट जमिनीवरचा आणि झाडावर चढणाऱ्या सस्तन प्राण्यांचा. उदमांजर, कोल्हा आणि रानडुक्कर गळलेली फळे खातात, तर चितळ आणि काळवीट झाडाखाली पडलेल्या सड्यावर चरतात. उदमांजर व कोल्हा यांच्या विष्ठेतून अनेक रानफळांच्या अखंड बिया बाहेर पडतात.

कोडियक्करै येथे मुंबईस्थित बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासासाठी अनेक दशके काम केले आहे. याच अभयारण्यातील सस्तन प्राण्यांमार्फत होणाऱ्या बीजप्रसारावर पी. बालसुब्रमण्यम आणि पी. व्ही. बोले यांचा अभ्यास १९९३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. शुष्क सदाहरित वनातील बहुसंख्य झाडे मांसल फळांची असल्याने प्राण्यांच्या पोटातून होणारा प्रवास हाच त्यांच्या पुनरुत्पादनाचा मुख्य मार्ग ठरतो.

श्रीलंकेत या झाडाला ‘पलु’ म्हणतात. तेथील याला आणि विल्पट्टू राष्ट्रीय उद्यानांत पलुची फळे पिकण्याचा हंगाम म्हणजे अस्वले दिसण्याचा हंगाम, असे समीकरण आहे. एरवी वाळवीवर जगणारे, दिवसा क्वचित दिसणारे अस्वल या दिवसांत भर उजेडात फांद्यांवर चढून फळे ओरबाडताना दिसते. ओरगडममध्ये अस्वल येणार नाही, हे उघड आहे. कारखान्यांच्या कुंपणाआड उरलेली उदमांजरे, तलावांच्या बांधांवरून फिरणारे कोल्हे आणि वडा-पिंपळांवरची वटवाघळे यांना मात्र मे महिन्यात अन्नाचा एक खात्रीचा आधार मिळू शकतो.

चिकूच्या बागेखालची खिरणी

खिरणीची रोपे मिळत नाहीत, ही तक्रार वृक्षलागवड करणाऱ्या संस्थांकडून नेहमी ऐकू येते. वस्तुस्थिती अशी आहे की देशात खिरणीची रोपे दरवर्षी मोठ्या संख्येने तयार होतात. त्यांपैकी बहुतेकांचा शेंडा कापला जातो, एवढेच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेला चिकू हा खिरणीच्याच प्रजातीतील वृक्ष. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधले असता झाड जोमदार वाढते, दीर्घकाळ फळे देते आणि पाण्याचा ताण सोसते, हे भारतीय बागायतदारांनी फार पूर्वी ओळखले. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूपट्ट्यात रायणीचा खुंट सर्वपरिचित आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही चिकूसाठी पालैच्या खुंटालाच स्थान आहे.

दहा मीटर अंतरावर लावलेल्या चिकूच्या एका हेक्टर बागेत शंभर झाडे बसतात. याचा अर्थ त्या बागेच्या जमिनीखाली शंभर खिरणी उभ्या असतात, पण त्यांतील एकीलाही स्वतःचे फूल येत नाही. जुन्या बागांत कलम मेले आणि खुंटाला फुटवा आला, तर चिकूच्या रांगेत अचानक खिरणीचे झाड दिसू लागते. खुंटासाठी लागणारे बी बव्हंशी जंगलातील आणि बांधांवरील जुन्या झाडांखालून गोळा केले जाते. ही झाडे कमी झाल्यास चिकूच्या बागायतीलाही त्याची झळ पोहोचेल. त्यामुळे मोकळ्या जागी खिरणी वाढवणे हे वन्यजीवांइतकेच फळबागायतीच्याही हिताचे आहे.

खिरणीला स्वतंत्र फळपीक म्हणून पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गुजरातमधील गोध्राजवळच्या वेजलपूर येथील केंद्राने ‘थार ऋतुराज’ नावाचे वाण विकसित केले. अशा निवडक वाणाचे कलम बियांपासून वाढवलेल्या झाडापेक्षा लवकर फळते. ज्यांना उत्पन्न हवे त्यांच्यासाठी कलम योग्य ठरते. वन्यजीवांसाठी राई उभारायची असल्यास मात्र अनेक मातृवृक्षांच्या बियांपासून वाढवलेली रोपे घ्यावीत. त्यामुळे झाडांत आनुवंशिक विविधता राहते आणि सर्व झाडे एकाच आठवड्यात फळून मोकळी होत नाहीत.

बी ते रोप

बी गोळा करण्याचा काळ मे आणि जूनचा. पूर्ण पिवळी झालेली, नुकतीच गळलेली फळे वेचावीत. झाडाखाली कापड अंथरल्यास काम सोपे होते. एकाच झाडाची सर्व फळे न नेता किमान आठ-दहा झाडांखालून थोडी थोडी घ्यावीत आणि प्राण्यांसाठी पुरेशी मागे ठेवावीत. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव जंगलातून परवानगीविना काहीही उचलता येत नाही. देवरायांतही गावाची आणि देवस्थानाची संमती घ्यावी.

फळांचा गर त्याच दिवशी काढावा. चीक घट्ट चिकटत असल्याने बिया वाळूत चोळून भरपूर पाण्याने धुतल्या म्हणजे स्वच्छ होतात. त्यानंतर एक-दोन दिवस सावलीत सुकवून शक्य तितक्या लवकर पेराव्यात. खिरणीचे बी साठवले की त्याची उगवणशक्ती घटत जाते. बीचे कवच कठीण असल्यामुळे पेरणीपूर्वी ते खरखरीत पृष्ठभागावर हलके घासून चोवीस तास पाण्यात भिजवण्याची पद्धत रोपवाटिकांत वापरली जाते.

वाळू, माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून केलेल्या वाफ्यात बी सुमारे दोन सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण एकाच वेळी होत नाही. काही रोपे तीन-चार आठवड्यांत दिसतात, तर काहींना दोन महिने लागतात. वाफा रिकामा दिसतो म्हणून तो मोडू नये. रोपाला दोन ते चार पाने आली की ते खोल पिशवीत हलवावे. सोटमूळ लांब जात असल्याने उथळ पिशवीत मूळ गुंडाळले जाते आणि असे झाड पुढे वाऱ्यात उन्मळण्याचा धोका असतो. पहिले वर्ष अर्धी सावली द्यावी. कलम बांधण्याजोगा खुंट तयार होण्यास दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. जागेवर लावण्याजोगे दीड-दोन फुटांचे रोपही तेवढाच अवधी मागते. लावणीआधी महिनाभर त्याला उन्हाची सवय करावी.

ओरगडमच्या जमिनीत लावणी

महाराष्ट्रात जूनमधील पावसाबरोबर झाडे लावली जातात. चेन्नईच्या परिसरात हा नियम चालत नाही. तेथे सप्टेंबरअखेर खड्डे तयार ठेवून ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस स्थिरावताच लावणी केल्यास रोपाला तीन महिन्यांची ओल मिळते. ५ जूनच्या पर्यावरणदिनी, कडक उन्हात लावलेली रोपे या भागात टिकवणे अवघड जाते.

औद्योगिक भूखंडाची माती ही दुसरी अडचण. भराव, मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि अवजड यंत्रांच्या दाबाने ती विटेसारखी घट्ट होते. दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा हे किमान माप. भराव असल्यास मूळ मातीपर्यंत खणावे. खड्ड्यात वरच्या थराची माती आणि कंपोस्ट भरावे. सतत पाणी साचणारी जागा टाळावी. तलावाच्या पात्रात किंवा पावसाळी नाल्याच्या मार्गात झाडे लावू नयेत. कांचीपुरम आणि चेंगलपट्टू जिल्ह्यांतील ‘एरी’, म्हणजे साखळीने जोडलेले तलाव, ही येथील शेतीची आणि पूरनियंत्रणाची जुनी व्यवस्था आहे. वृक्षलागवडीच्या निमित्ताने तिला अडथळा होता कामा नये.

रस्त्याकडेला किंवा कुंपणालगत एकेरी रांग असल्यास दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवावे. मिश्र राई करायची असल्यास निरनिराळी झाडे तीन ते चार मीटरवर चालतात. वीजवाहिन्यांखाली खिरणी लावू नये. वाढलेल्या झाडाची छाटणी करत राहावे लागते आणि फळे फांद्यांच्या टोकांशी येत असल्याने छाटलेल्या झाडावर ती धरत नाहीत. वाहनतळावर लावल्यास उन्हाळ्यात चिकट फळांचा सडा गाड्यांवर पडतो. तक्रारी येतात आणि शेवटी झाड तोडले जाते. यापेक्षा कुंपणालगतची, तलावाच्या बांधाबाहेरची आणि कमी वर्दळीची जागा निवडणे शहाणपणाचे.

पहिले दोन ते तीन उन्हाळे निर्णायक असतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपास पंधरा-वीस लिटर पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि शेळ्या-गुरांपासून संरक्षण एवढी व्यवस्था पुरेशी ठरते. त्यानंतर झाड स्वतःच्या मुळांवर तग धरते. शुष्क सदाहरित वनाचा वृक्ष असल्यामुळे त्याला हिरवळीसारखे रोजचे पाणी नको असते. बीपासून वाढलेले झाड फळायला आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात, हे लावणाऱ्याने आधीच मनाशी धरलेले बरे.

सोबतीची झाडे

केवळ खिरणीची राई केल्यास तिच्या फळांचा हंगाम संपला की प्राण्यांचा आधारही संपतो. म्हणून याच वनातील इतर झाडे सोबत लावणे आवश्यक. जांभूळ खिरणीच्या पाठोपाठ पिकते. तमिळनाडूत ‘मगिळम’ म्हणून ओळखली जाणारी बकुळ सावली, सुगंध आणि फळे देते. वड आणि पिंपळ वर्षातून एकाहून अधिक वेळा फळत असल्याने त्यांच्याभोवती पक्ष्यांची वस्ती कायम राहते. अर्थात त्यांना इमारतींपासून दूर, पुरेशी जागा हवी. खालच्या थरासाठी अंजनी, माकडलिंबू आणि करवंदाच्या जातीची झुडपे योग्य ठरतात. कडुनिंबाची लिंबोळीही याच उन्हाळ्यात कोकीळ आणि बुलबुल खातात.

राईत गळलेली पाने झाडून जाळू नयेत. पालापाचोळ्यात कीटक वाढतात, माती ओलावा धरते आणि पडलेल्या बियांना रुजायला जागा मिळते. रात्रीचे प्रखर दिवे वटवाघळांच्या येण्याजाण्यात अडथळा आणू शकतात; सुरक्षेसाठी लागणारा उजेड झाडांच्या माथ्यावर न पाडता जमिनीकडे वळवता येतो. माणसांनीही एक काळजी घ्यावी : वटवाघळांनी किंवा अन्य प्राण्यांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत आणि इतर फळे धुऊनच खावीत.

संथ झाड, घाईची व्यवस्था

खिरणी मागे पडली ती वेगाच्या स्पर्धेत. हरितपट्ट्याची पाहणी लागवडीनंतर वर्ष-दोन वर्षांत होते आणि तोवर झाडे हिरवीगार दिसावीत, अशी अपेक्षा असते. गेल्या काही वर्षांत देशभर कोनोकार्पस या परदेशी झाडाचा झालेला प्रसार याच अपेक्षेतून घडला. झपाट्याने वाढणारे, कायम हिरवे असे हे झाड स्थानिक पक्ष्यांना आणि प्राण्यांना फारसे अन्न देत नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आणि नंतर तमिळनाडूनेही तसाच निर्णय घेतला. याआधी वेड्या बाभळीने, तमिळनाडूतील ‘सीमै करुवेलम’ने, राज्यभरातील तलाव आणि पडीक जमिनी व्यापल्या. सरपणासाठी आणलेले हे झाड काढून टाकण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाला निर्देश द्यावे लागले. वेगाने वाढणारे झाड लावताना वाचलेली वर्षे पुढे ते काढण्यात खर्ची पडतात, असा या दोन्ही उदाहरणांचा अनुभव आहे.

उलट बाजूचीही उदाहरणे याच किनाऱ्यावर आहेत. पुदुच्चेरीजवळ १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ऑरोव्हिल वसाहतीच्या जागी तेव्हा धूप झालेले, जवळपास उघडे लाल पठार होते. तेथील रहिवाशांनी प्रथम बांधबंदिस्ती करून माती आणि पाणी अडवले, तग धरणारी झाडे लावून सावली निर्माण केली आणि पुढे शुष्क सदाहरित वनातील देशी झाडांवर भर दिला. या कामातून घडलेल्या पिच्चांडिकुलम वन या गटाने चेन्नईतील अड्यार खाडीकाठी ५८ एकरांवरील परिसर-उद्यानाच्या पुनरुज्जीवनात मुख्य भूमिका बजावली. कचरा आणि राडारोड्याखाली दबलेली ही जागा देशी वनस्पतींच्या लागवडीनंतर २०११ मध्ये खुली झाली आणि आज तोल्काप्पिय पूंगा या नावाने ओळखली जाते.

तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये हरित तमिळनाडू अभियानाची सुरुवात ओरगडमला जवळ असलेल्या वंडलूर येथूनच केली. राज्यातील वन आणि वृक्षाच्छादन सुमारे २३.७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. अशा अभियानांत लावलेल्या रोपांची संख्या सहज मोजता येते. तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जिवंत असलेली झाडे, तसेच त्यांतील स्थानिक जातींचे प्रमाण मोजले गेले, तर खिरणीसारख्या वृक्षांना आपोआप स्थान मिळेल. औद्योगिक पट्ट्यात यासाठी एक व्यवहार्य मार्ग उपलब्ध आहे. कारखान्यांनी दोन वर्षे आधी रोपांची मागणी नोंदवावी आणि चिकूचे खुंट तयार करणाऱ्या रोपवाटिकांनी त्यातील काही रोपे कलम न बांधता वाढू द्यावीत.

महाराष्ट्रासाठी

खिरणी महाराष्ट्रालाही परकी नाही. कोकणातील देवराया, पालघर-डहाणूचा पट्टा आणि विदर्भातील जुन्या गावांचे बांध येथे तिची वयोवृद्ध झाडे आढळतात. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी किंवा तारापूर येथील औद्योगिक वसाहतींपुढचा प्रश्न ओरगडमहून वेगळा नाही. लावणीचा महिना तेवढा बदलेल : येथे मे-जूनमध्ये गोळा केलेले बी लगेच पेरावे आणि दोन वर्षांची रोपे जूनअखेर, नैर्ऋत्य मोसमी पाऊस स्थिरावल्यावर जागेवर लावावीत. डहाणू-घोलवडच्या रोपवाटिकांना रायणीचे खुंट तयार करण्याचा अनुभव असल्याने रोपांसाठी दूर जाण्याचीही गरज नाही.

कोणत्याही गावात जुने खिरणीचे झाड उभे असेल, तर नव्या लागवडीआधी त्याचे रक्षण करणे अगत्याचे. शंभर वर्षांच्या एका झाडाखाली पडणाऱ्या बियांतून परिसरातील पुढची पिढी उभी राहू शकते. ओरगडममध्ये या ऑक्टोबरात दोन वर्षांचे रोप जमिनीत गेले, तर त्याची पहिली फळे कारखान्यांच्या आजच्या तरुण कामगारांची मुले शाळेत असतानाच पिकतील आणि त्या उन्हाळ्यापासून वटवाघळांच्या रात्रीच्या फेऱ्याही सुरू होतील.